केसची तयारी कधी सुरू करायची

अण्णा,

केजची एक मुलगी पुण्यात एमबीए करते. मी करते तसलीच कन्सल्टिंगची नोकरी तिला हवी आहे. काल तिचा फोन आला, "ताई, केस इंटरव्ह्यूची तयारी कधीपासून करावी?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. दोन-तीन महिने आधी लागायचं, आणि एकट्यानं वाचत बसायचं नाही, समोर माणूस बसवून मोठ्यानं बोलायचं. पण ती पुढं म्हणाली, "पप्पा ॲडमिट हायत. लई सीरियस हायत. आता लागू का थांबू?" उद्या सांगते म्हणून मी फोन ठेवला. त्यानंतर ऑफिसात माझं काही केल्या चित्त लागलं नाही.

परळीला थर्मलच्या वीजकेंद्रातून ड्यूटी करून आलात की तुम्ही हातपाय धुवायचात, स्वयंपाकघराच्या दारात बसायचात आणि म्हणायचात, "दे चार्ज." पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला उभ्या उभ्या चार्ज देतो. काय चालू आहे, काय बंद पडलंय, कशावर डोळा ठेवायचा, आणि सगळ्यात वाईट ते सगळ्यात आधी. कामावरचा तो नियम तुम्ही घरात आणलात आणि मी दिवसभराचा हिशोब तसाच द्यायचा. मी भिंतीला टेकले की म्हणणार, "टेकू नको. चार्ज उभ्यानं देत असत्यात." भाकरी थापता थापता आई हसायची, "पोरीला काय बॉयलरवर धाडायचंय का?" मला मात्र राग यायचा. गणितात नापास झालेलं आधी सांगायचं आणि चित्रकलेचं बक्षीस शेवटी, हा कुठला न्याय?

मग कितीतरी वर्षांनी, मी नोकरीच्या तयारीत असताना, अंबाजोगाईचा दवाखाना. तुम्ही खाटेवर आहात आणि मी शेजारी स्टुलावर पुस्तक घेऊन बसले आहे. डॉक्टरांनी आम्हाला सांगायचं ते सांगून टाकलंय, तुम्हाला ते न सांगताच कळलंय. तुम्ही विचारता, "काय वाचतीस गं माय?" मी सांगते, एका साखर कारखान्याचा नफा घटलाय, का घटला ते शोधून साहेबापुढं मांडायचं, असला इंटरव्ह्यू असतो. "कावून घटला मग?" तुम्ही म्हणता, आणि त्या दिवसापासून माझे साहेब बनता. साहेब म्हणून तुम्ही अगदीच कच्चे होतात. मी विचार करायला गप्प झाले की तुम्हाला राहवायचं नाही. "अगं, ऊसतोडीच्या टोळ्या उशिरा आल्या असतील, न्हाई का?" म्हणून उत्तरच फोडून टाकायचात. एकदा तर त्या पुस्तकातल्या मालकावर इतके चिडलात की सिस्टर धावत आल्या.

काकू बाहेर बायकांना म्हणाली, बाप चाललाय आन ही धंद्याच्या गप्पा मारतीय. मला ते फार लागलं. पण दुसरं काय बोलणार होतो आपण? मायेचं बोलायची आपल्याला सवयच नव्हती. मला सोडून जाऊ नका, हे तुम्हाला कुठल्या तोंडानं म्हणणार होते मी? केस मात्र रोज म्हणता यायची. शेवटी शेवटी तुमचं बोलणं बंद झालं, तरी मी बोलत राहिले आणि तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात.

इंटरव्ह्यू तुमच्यामागं झाला. त्यातली एक गोष्ट सांगायची राहिली, म्हणून तर लिहायला बसले. शेवटचं उत्तर मागितलं तशी मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. समोरचे दोघं गोंधळले, बसून सांगा म्हणाले. बसले, पण सगळ्यात मोठं नुकसान आधी सांगितलं. नोकरी लागली. परळीला आले तर आईनं हातावर साखर ठेवली. स्वयंपाकघराच्या दारातली तुमची जागा रिकामी होती. आम्ही दोघी तिथंच दारात रडलो.

आज त्या मुलीला फोन केला. म्हटलं, थांबू नकोस. आजपासूनच लाग. पुस्तक घेऊन वडिलांच्या खाटेपाशी बस, त्यांनाच साहेब कर आणि मोठ्यानं बोल. तिला काही पटेना. "ताई, त्यांना यातलं काय कळतंय? इंटरव्ह्यूला उपयोग होईल का पण?"

लई होतो, म्हटलं मी. अण्णा, तिच्या इंटरव्ह्यूचा विचार माझ्या मनातसुद्धा नव्हता.