दोन सायकलींचा भाव

नेर, १८ फेब्रुवारी २००७

प्रिय अपेक्षा,

सप्रेम जय भीम.

पाकिटावर उमरखेडचा पत्ता पाहून तू दचकली असशील. दिवाळीच्या पत्रात तू दिग्रसचं, सासरचं सगळं छान लिहिलं होतंस. सासूबाईंचे अनारसे, नवऱ्याने आणलेली साडी, अंगणातली रोषणाई. मी उत्तरही दिग्रसलाच टाकलं होतं. हे मात्र तुझ्या अमरभाऊच्या घरी पाठवते आहे. का, ते सांगते. पण आधी माझी बातमी ऐक, कारण एकातूनच दुसरं निघालं आहे. मी गिअरची सायकल घेतली.

हसू नकोस. वर्षभरापासून मी पांढरकवड्याच्या एका संस्थेत काम करते, हे तुला लिहिलं होतं. टेकडीवरच्या कोलामांच्या वस्त्यांवर, म्हणजे पोडांवर, जाऊन लहान लेकरांची वजनं घ्यायची, आजारी असलं कोणी तर दवाखान्यात पोचवायचं. डांबरी रस्ता संपला की पुढे चार-पाच किलोमीटर नुसते दगड आणि चढ. बाबांची साधी सायकल नेऊन पाहिली, अर्ध्या वाटेवर तिलाच ढकलत न्यावं लागलं. मग पायीच जायचे. पोळ्याच्या आसपास एका पोडावर एक लेकरू जुलाबाने सुकत चाललं होतं. निरोप सकाळी नऊला आला आणि मी पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. त्याचे डोळे आत गेले होते, रडायलाही आवाज उरला नव्हता. चमच्या-चमच्याने पाणी पाजत मी त्याला घेऊन खाली आले. ते वाचलं, आता चालायला लागलं आहे. पण ते दोन तास माझ्या डोक्यातून जाईनात. मी आमच्या प्रमुख बेबीताईंकडे गेले आणि गिअरची सायकल हवी म्हणाले. त्या म्हणाल्या, "घे. पण संस्था साडेतीन हजार देईन. त्याच्यावर एक रुपया नाही."

मग मी यवतमाळची सायकलची सगळी दुकानं पालथी घातली. शेवटी रामलालजींच्या दुकानात मला हवी तशी दिसली. जाड नळीची, रुंद टायरची, अठरा गिअरची. वर छताला दोन टांगलेल्या होत्या, निळ्या. भाव अठ्ठेचाळीसशे. मी साडेतीन म्हणाले तर रामलालजी माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाई, गिअरची हाय. साध्या सायकलीच्या भावात कशी देऊ?"

निघताना बाबांनी मला एकच गोष्ट सांगितली होती, "भाव करताना दुकानदाराच्या तोंडाकडं पाहू नोको, सायकलीकडं पाह्य." तीस वर्षं नेरच्या स्टँडजवळ पंक्चर काढणाऱ्या माणसाचं मी ऐकलं. सायकल खाली काढायला लावली. मागचं चाक फिरवून रिमजवळ पेन धरला, तर चाक एका जागी पेनला घासत होतं, म्हणजे वाकडं होतं. टायर अंगठ्याने दाबलं, तर बाजूला बारीक चिरा. ब्रेकचे रबर दगडासारखे. मी म्हणाले, "भाऊ, नवी म्हणता, पण हिनं दोन उन्हाळे तुमच्याच दुकानात काढले." तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कोनाची पोरगी तू?" म्हणाले. मी सांगितलं, मारोती सायकलवाल्यांची, नेरच्या.

त्यांनी खुर्ची दिली. मग त्यांचंही दुःख बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी कापूस बरा जाईल, लोक आपल्या पोरांना घेऊन देतील, म्हणून त्यांनी सहा आणल्या होत्या. कापसाला भाव मिळाला नाही, आणि आता साध्या सायकलीलाही गिऱ्हाईक उधारीचंच येतं. "चार कशाबशा काढल्या. या दोन पाहून पाहून मले कटाळा आला," म्हणाले. मला वाईट वाटलं, पण मी साडेतीनवरून हलले नाही. ते एकीचे बेचाळीसशे म्हणाले, आणि मी उठले तेव्हा मागून म्हणाले, "दोन्ही नेशीन त अडतीसशेनं देतो." मी म्हणाले, "मले दोन कायले? मी काय दोन्हीवर बसू?" आणि रिकाम्या हाताने स्टँडवर आले.

तिथे तुझी आई भेटली. उमरखेडच्या गाडीची वाट पाहत बसली होती. मी सहज विचारलं, अपेक्षा कशी आहे दिग्रसला? लीलाकाकूंनी पदर तोंडाला लावला. "कोनाले सांगू नोको वो माय," म्हणाल्या, "पाठवून देल्लं त्याहीनं तिले. आठ महिने झाले, अमरकडं हाय. कोनी घरी आलं का आतल्या खोलीत जाऊन बसते. दारातसुदा येत नाही." कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. गाडी लागली, मी त्यांची पिशवी खिडकीतून आत दिली. मग माझीही गाडी आली, पण मी चढले नाही. दुसरीही जाऊ दिली. मी दिवाळीच्या त्या अनारशांचा विचार करत होते. किती निगुतीने लिहिले होतेस तू ते, अगदी जाळी कशी पडली तेही. ते लिहिताना तू त्या आतल्या खोलीत बसली होतीस. अपेक्षा, मला राग आला. तुझ्यावर नाही. तू खोटं लिहिलंस म्हणूनही नाही. माझ्यापाशीसुद्धा तुला खोटं लिहावं लागलं, याचा आला.

आठ दिवसांनी मी परत रामलालजींकडे गेले. दोन्ही नेते म्हणाले. पस्तीसशेने, रोख, आत्ता. ते हसले, म्हणाले, "तीनशे कुठून सोडू?" ते मी घरून ठरवूनच गेले होते. कॅरिअर नको, घंटी नको, स्टँडही नको. चाकं सरळ करून देऊ नका, ब्रेक लावून देऊ नका, खोक्यात घालून जशाच्या तशा द्या, जोडणी आमचे बाबा करतील. टायरचीही तक्रार घेऊन येणार नाही, तसं बिलावर लिहून देते. त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली, काढली, परत खोचली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक येऊन ट्यूबचा भाव विचारून निघून गेलं. त्याच्या पाठीकडे बघत ते म्हणाले, "ने माय. दोन्ही ने. पन मारोतीभाऊले सांग, पोरीनं मले लुटलं." आणि निघताना हवा भरायचा एक पंप फुकट दिला, तो मी मागितलाही नव्हता. दोन्ही खोकी एसटीच्या टपावर चढवली, कंडक्टरशी भांडून. कालपासून बाबा आणि मी अंगणात नटबोल्ट पसरून बसलो आहोत. आज दुपारी मी एक चालवून पाहिली. धरणाच्या चढावर गिअर टाकला आणि पायांना कळलंच नाही ग, चढ कुठे गेला ते. वर पोचल्यावर मी एकटीच मोठ्याने हसले.

आता खरं सांगते. हे पत्र मी सायकलीची बातमी द्यायला लिहीत नाहीये. आमच्याकडे दुसऱ्या बाईची जागा नोव्हेंबरपासून रिकामी आहे, कारण त्या चढावर रोज जाईल अशी कोणी मिळत नव्हती. दुकानात परत जाण्याआधी मी बेबीताईंना सांगितलं की मला मिळाली आहे. बारावी झालेली, सायकल चालवणारी, आणि तिने हो म्हटलं आहे. म्हणून त्यांनी दोघींचे पैसे दिले. तुला न विचारता मी तुझं हो सांगून बसले आहे, अपेक्षा. तू नाही म्हणालीस तर ते साडेतीन हजार मी भरीन, त्याची काळजी तुझी नाही. पण मी तुला नाही म्हणू देणार नाही. पगार बावीसशे, पांढरकवड्यातल्या माझ्या खोलीचं भाडं अर्धं अर्धं, आणि तिथे तुला कोणी काही विचारणार नाही. सोबत कोरा अर्ज ठेवला आहे, तो तुझ्याच अक्षरात भर. एक मार्चला हजर व्हायचं आहे. अमरभाऊला काय सांगायचं ते तू ठरव. जमत नसेल तर दोन ओळी टाक, मी आणि बाबा येऊन त्याच्याशी बोलतो. अठ्ठावीसला दुपारी मी यवतमाळ स्टँडवर उमरखेडच्या गाडीची वाट पाहीन. दुसरी सायकल अजून कोणी चालवलेली नाही. बाबांनी तिची सीट दोन बोटं खाली घेतली आहे. तुझी उंची त्यांच्या लक्षात आहे.

तुझी, आणि तुझ्या वतीने हो म्हणणारी,
दीपमाला