एका ताटावर दोघी

४ मार्च

चि. सौ. भावजयीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिला, मनातून निघालेला नाही. काल तुझ्याकडे जेवले, ते अजून पचलेलं नाही. माझ्या धाकट्या भावाला साखरेचा आजार, तळपायाची जखम भरत नाही, आणि तू त्याच्या ताटात भाताचा डोंगर रचतेस! त्यावर बटाटे, वर ताट पुसायला पाव! मी बोलले तर म्हणालीस, बेकरीच्या भट्टीपुढे उभं राहणाऱ्या माणसाला भूक लागते. अगं, पाय गमावला तर उभा कशावर राहील? पाठव त्याला माझ्याकडे. पंधरवड्यात साखर ताळ्यावर आणून दाखवते.

देव तुला अक्कल देवो.
तुझी नणंद

७ मार्च

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

घ्या, पाठवलं ह्यांना. कपडे आणि गोळ्या पिशवीत आहेत. इतकी वर्षं गोळी मीच ह्यांच्या तळहातावर ठेवली. ती कशी द्यायची ते लिहिणार होते. शेजारीणही म्हणाली, एक ओळ तरी लिही. पण तुम्हाला सगळं येतंच, मी कोण शिकवणार? अडलं तर विचारा. नाक खाली होणार नसेल तर.

लोभ आहे की नाही, तुम्हीच ठरवा.
तुमची भावजय

१३ मार्च

सौ. भावजयीस,

आज आशीर्वाद नाही. त्याला दवाखान्यात ठेवलंय.

भात, बटाटा, पाव सगळं बंद केलं. नुसती उकडलेली पालेभाजी दिली, गोळी मात्र नेमाने. काल जिन्यात तो घामाने निथळत बसला, हात थरथरत होते, मला ओळखेना. मग शुद्धच गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही गोळी साखर उतरवते, पोटात अन्न नसेल तर नको तितकी उतरवते. भात पार तोडायचा नव्हता, मोजून द्यायचा होता. हे तुला ठाऊक होतं! वैरीण आहेस तू. माझा एकुलता एक भाऊ गेला असता.

नणंद

१६ मार्च

ती. ताईस सा. न.,
सौ.स आशीर्वाद,

दोघींना एकच पत्र, म्हणजे कुणाला जास्त लिहिलं यावरून जुंपायला नको.

मी बरा आहे. जखमही सुकतेय. इथे आधी भाजी आणि डाळ देतात, मग एक लहान वाटी भात. बटाटा असेल त्या दिवशी भात निम्मा, पाव नाही. जेवल्यावर व्हरांड्यात फेऱ्या. गोळी कधी घ्यायची ते मी आता शिकलोय. इतकी वर्षं एकीने वाढलं ते खाल्लं, मग दुसरीने तोडलं ते सोडलं. माझ्या पोटाला काय हवं, हे तुमच्यापैकी एकीनेही विचारलं नाही.

काल डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी तुमच्या जेवणाकडे बघणारं कुणी आहे का. मी सांगितलं, दोघी आहेत, म्हणून तर इथवर पोचलो.

बेकरीच्या मालकाने माडीवरची खोली दिलीय. मी तिथेच राहीन, माझा भात मीच लावीन. इतक्यात कुणी येऊ नका.

लोभ असू द्या, पण वाटीभरच.
तुमचा