खिशाची गुटी

प्रिय ठकू,

गेल्या महिन्यात तू निरोप पाठवलास, ‘बरी आहे. कामात.’ तीन शब्द. दिवसभरात मी ते कितीदा वाचले, सांगत नाही; हसशील. हसलीस तरी चालेल म्हणा.

इकडे सगळं जागच्या जागी आहे. लिंबाला उशिरा का होईना, फुलं आलीत. डाळिंब यंदा रुसलंय. आत्याने तिचे जुने पडदे आणून टाकले, त्यांच्या मी पिशव्या शिवतेय. तिचं टोमणे मारणं सुरूच आहे. काल म्हणाली, “वहिनी, तुमच्या घरात माणसापेक्षा चिंध्यांचा मान मोठा.” खोटं कुठे आहे? बाबांची पँट आधी तुझं दप्तर झाली, मग पायपुसणं आणि शेवटी झाडाच्या बुंध्याशी गेली. त्या दप्तराला मागचा खिसा तसाच राहिला होता म्हणून वर्गातल्या मुली तुला हसल्या. तू जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी तुझ्या जुन्या झालरीच्या फ्रॉकची पिशवी करून, तीत डबा घालून बाबा छापखान्यात गेले. तिथे सगळे खो खो हसले. घरी येऊन त्यांनी तुला एवढंच सांगितलं, “चल, फिट्टंफाट.” मग तू दोन पोळ्या जास्त खाल्ल्यास.

पेरूची गुटी बांधायला तुला त्यांनीच शिकवलं. फांदीची बोटभर साल गोल काढायची, तिथे ओली माती लावायची आणि वरून जुनं सुती कापड गुंडाळायचं, की तिथे मुळं फुटतात आणि फांदीचं नवं रोप होतं. सगळे प्लास्टिक बांधतात, म्हणजे ओल टिकते आणि पुन्हा बघावं लागत नाही. बाबांना ते पटायचं नाही. “प्लास्टिक बांधलं की माणूस विसरतो. कापडाला रोज पाणी घालायला यावंच लागतं,” म्हणायचे. सकाळी चहाच्या आधी झारी घेऊन झाडाखाली उभे. कितीदा त्यांचा चहा निवला आणि कितीदा मी चिडले!

ते गेले त्या आठवड्यात तू फोनवर एकच गोष्ट मागितलीस. त्यांचा निळा शर्ट, खिशाजवळ शाईचा डाग पडलेला, कधीच न निघालेला. “धुऊ नकोस, तसाच ठेव,” म्हणालीस. दाराच्या मागे खुंटीवर होता. तीन आठवड्यांनी तू आलीस, तेव्हा खुंटी रिकामी होती आणि पेरूच्या फांद्यांवर सात निळ्या गाठोड्या होत्या. मी म्हणाले, “विसरले गं, चुकून चिंध्यांच्या टोपलीत गेला.” तू झाडाखाली जाऊन उभी राहिलीस. एका गाठोडीला हात लावलास, पण सोडली नाहीस. संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस. त्याला आता वर्ष होईल.

ठकू, मी विसरले नव्हते.

तुझा फोन ठेवला आणि रोज त्या शर्टासमोर उभी राहू लागले. तू येशील, तो नेशील, मग खुंटी उरेल. सकाळी उठून मी काय करायचं, हेच मला कळेना. चहाही एक कपच करायचा होता. एका दुपारी कात्री घेतली. बाहीला लावून एकदा परत खाली ठेवली, हे खरं. पण थांबले नाही, हेही खरं. तुझं होतं ते मी कापलं. दुसऱ्या दिवसापासून मला उठायला कारण मिळालं. झारी भरायची आणि त्यांचा शर्ट ओला करायचा. हे तुला सांगायची लाज वाटली, म्हणून विसरल्याचं निमित्त पुढे केलं. निष्काळजी आई तुला चालली असती, पण हावरी आई चालली नसती, असं मला वाटलं.

सातातल्या सहा गुट्या वाळल्या. सातवी होती खिशाच्या कापडाची. एका सकाळी शाईच्या डागातून पांढरी मुळी डोकावलेली दिसली. मी तिथेच खाली बसले. फांदी कापून कापडासकट कुंडीत लावली. आता रोप गुडघ्याएवढं झालंय. रविवारी आत्या तुझ्याकडे येतेय, तिच्याबरोबर पाठवतेय. हे पत्र त्यासाठीच. कापड मातीत कुजून गेलं, पण खिशाची शिवण अजून बुंध्याशी वर दिसते. दोरा पक्का होता, मीच घातलेला. ती ओढून काढू नकोस. तुझ्या गॅलरीत सकाळचं ऊन येतं ना? पाणी रोज लागेल. माफ कर असं म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. तुझं होतं ते तुला परत देतेय, एवढंच.

तुझीच, अजूनही चहाच्या आधी झारी भरणारी,
आई