दोन आई म्हणणारी तबकडी

अण्णा,

तुमची ती फ्रेंच तबकडी पुन्हा बाजारात आली आहे. तेच चर्चमधलं गाणं, तेच गायक, तेच जुनं रेकॉर्डिंग, फक्त नव्याने काढलेलं. तुमच्या नातीने मोबाईलवर शोधलं. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, पण नाद तुमचेच लागलेत. हल्लीच्या पोरांना तबकड्यांचं वेड लागलंय, तिनेही मैत्रिणीकडून प्लेअर आणलाय. "बाबा, आजोबांची ती हीच ना?" असं तिने विचारलं, मी हो म्हटलं, आणि चार दिवसांनी नेरूळच्या आमच्या सोसायटीत वॉचमनकडे खोकं येऊन पडलं. रविवारी दुपारी लावली. खरखर नाही, काही नाही, आवाज धुतल्यासारखा स्वच्छ. पोरगी डोळे मिटून ऐकत होती. मला काहीच वाटलं नाही. एक बाजू संपली तेव्हा मी उठून गॅसवरचं दूध बघून आलो.

तुम्ही ती आणलीत तो दिवस मात्र मला नीट आठवतो. न्हावा शेवा बंदरात तुम्ही क्लिअरिंग एजंटकडे होतात, लोकांचा माल कस्टममधून सोडवून द्यायचा हे तुमचं काम. कुणा फ्रेंच इंजिनिअरचं घरसामान कागदांत अडकलं होतं, त्यापायी तुम्ही आठ दिवस चपला झिजवल्यात. ते सुटल्यावर त्याने तुम्हाला ही तबकडी दिली. सानपाड्याच्या घरात तुम्ही खाकी कागदातलं ते चपटं काहीतरी ओट्यावर ठेवलंत. मावशी हात पुसत आली. "ताट दिलंय वाटतं," ती म्हणाली, "पन हलकं हाय." मावशीला तेव्हा आपल्या घरी येऊन वर्षही झालं नव्हतं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तुमच्या या दुसऱ्या बायकोला मावशी म्हणायचं हे मला गावच्या बायकांनी सांगितलं होतं. ती आईची बहीण नव्हती, लांबचीसुद्धा नव्हती, पण सावत्र आईला हाक मारायची तर हाच शब्द सोयीचा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तिला कुणी विचारलं नाही.

प्लेअर आईच्या हौसेचा होता. ती गेल्यापासून त्याच्यावर चादर होती. त्या रविवारी तुम्ही चादर काढलीत. मावशी खाली बसून ओले बोंबील साफ करतेय, मी खिडकीत गृहपाठ घेऊन बसलोय, आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली चर्चमधले लोक गायला लागलेत. शेजारच्या काकूंनी दारात येऊन विचारलंसुद्धा, "काय हो, तुमी ख्रिश्चन झालात काय?" तुम्ही हसलात. मग एका जागी गाणारे अगदी हळू झाले आणि तेच तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागले. तुम्ही बोट वर केलंत. "ऐक रे, ऐक. काय म्हणतायत? दोन आई. दोन आई, दोन आई म्हणतायत बघ." आणि खरंच तसंच ऐकू येत होतं. मी अकरा वर्षांचा होतो, पण तुम्ही मला कुठे नेऊ बघताय ते मला कळलं. मी म्हटलं, "मला एकच आई होती. ती मेली." तुम्ही बोट खाली घेतलंत. मावशीच म्हणाली, "अवो, बंद करा ते, मला कुकरची शिट्टी ऐकू येत नाय." गॅसवर कुकर नव्हता, हे मी बघितलं होतं.

मी घरात असताना तुम्ही ती पुन्हा लावली नाहीत. शेवटच्या आजारात एकदाच विषय निघाला. मावशी तुमचं अंग पुसून बादली घेऊन बाहेर गेली, आणि तुम्ही मला म्हणालात, "तोंडातून एक शब्द काढायला तुझं काय जातं रे?" तुम्ही मला एवढं लागेल असं कधी बोलला नव्हतात. मला राग आला. तुम्ही गेल्यावर तो राग कुठे ठेवायचा ते कळेना, म्हणून तो तसाच राहिला आणि मग बहुतेक वाळून गेला. मावशी आमच्याकडेच असते. मी तिचं सगळं करतो. औषधं, डॉक्टर, दर वर्षी गावी नेऊन आणणं, कशात कसूर नाही. लोक मला नावाजतात. लोकांच्या देखत तिला हाक मारायची वेळ आली की मी "अगं, ऐकतेस का" म्हणतो, तेवढं कुणाच्या लक्षात येत नाही.

नवी तबकडी आली म्हणून मी माळ्यावरून जुनी काढली. ती वाकली आहे, वाजणार नाही. पण तिच्या पाकिटाच्या मागे गाण्याचे शब्द छापलेत, आणि त्यांच्याखाली पेन्सिलने बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिलेत. अक्षर तुमचं. कामावर परदेशी बिलं आली की तुम्ही असंच करायचात, प्रत्येक ओळीखाली पेन्सिलने मराठी. जे वाचून कळलं नाही तो माल मी पुढे सरकवत नाही, असं सांगायचात. "दोना एइस" या त्या दोन लॅटिन शब्दांखाली तुम्ही लिहिलंय, "त्यांना दे". मेलेल्यांना विसावा दे, अशी ती प्रार्थना आहे. त्या इंजिनिअरकडून तुम्ही अर्थ करून घेतला असणार, आणि तोही घरी आणण्याआधी, नंतर तो तुम्हाला कुठला भेटायला. म्हणजे तुमची ऐकण्यात चूक झाली नव्हती. एकाही कागदात खोटं न लिहिणारा माणूस माझ्याशी सरळ खोटं बोलला, आणि इतकी वर्षं मी तुम्हाला त्या बाबतीत अडाणी समजत होतो. हे कळल्यावर रडू यायला हवं होतं. मी पाकीट पुसून कपाटात ठेवलं.

हे तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि घरात कुणाला मी हे वाचायला देणार नाही. एक गोष्ट तेवढी लिहून ठेवतो. मावशीला हल्ली कमी ऐकू येतं. सोमवारी तिला कानाचं मशीन मिळणार आहे, त्यासाठी परवा वाशीला तपासायला नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मला म्हणाल्या, "घरी मारता तशी हाक मारा." मी "मावशी" म्हटलं. ती हलली नाही. मोठ्याने म्हटलं, तेव्हा तिने अर्धी मान वळवली. "आता दुसरा कुठलाही शब्द म्हणा, पण हळू." मी दोन पावलं मागे उभा होतो. तिचा अंबाडा सुटत आला होता. मी "आई" म्हटलं. ती भिंतीकडेच बघत राहिली, आणि बाईंनी कागदावर फुली मारली. त्यांनी हळू म्हणायला सांगितलं होतं. मी त्याहूनही हळू म्हटलं, अण्णा.