आबांचं रिव्हॉल्व्हर आणि लक्ष्म्यांच्या चंद्रकोरी

वालूर, ता. सेलू
भाद्रपद वद्य पंचमी, १९८७

तीर्थरूप दाजींच्या पायी वालूरहून माणिकरावाचा दंडवत पोचावा.

इकडं लक्ष्म्यांच्या कृपेनं सगळे जिवंत आहोत (हे मी उगीच लिहिलेलं नाही, पुढं कळेल). तुमचा खोकला कसा आहे? आक्काच्या गुडघ्यांना एरंडाचं पान गरम करून बांधावं, आणि तिनं ते बांधून घेतलं नाही तर माझं नाव सांगावं. लहानपणी माझ्या नावाला ती घाबरत नसे, पण आता वय झालंय. जबलपुरात पाऊस कसा आहे? फार नसावा अशी मी रोज देवाजवळ प्रार्थना करतो. कारण आषाढात तुम्ही आलात तेव्हा तुमची छत्री इथंच राहिली. तिची बिलकूल फिकीर करू नये. छत्री खुंटीवर आहे.

आता मुद्दा. आबांचं रिव्हॉल्व्हर तुम्हाला ठाऊक आहेच. निजामाच्या राजवटीत कुठल्याशा साहेबाकडून आबांनी ते घेतलं आणि तेव्हापासून पंचक्रोशीत आमच्या घराचा रुबाब. आबा गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला, रुबाबही माझ्या नावावर झाला. पण हत्यार हे असं तऱ्हेवाईक! ह्या रिव्हॉल्व्हरला गोळी लागते ती पिस्तुलाची. तुम्ही फौजेत सुभेदार होतात, उभी हयात हत्यारांत काढलीत, तेव्हा आषाढात जेवायला बसल्यावर तुम्हीच मला हे समजावलं होतं. एरवी रिव्हॉल्व्हरच्या गोळीला बुडाशी काठ असतो, जेवायच्या ताटाला असतो तसा. त्या काठावर ती आपल्या घरात अडकून बसते. पिस्तुलाची गोळी बिनकाठाची. ती सरळ आत घसरते, मग घोडा कितीही आपटला तरी तिच्या बुडापर्यंत पोचत नाही. चुकून पोचला आणि बार उडाला, तर रिकामं टोपण बाहेर ढकलायला काठच नसतो. म्हणून तीन-तीन गोळ्यांची बुडं पकडून ठेवणाऱ्या पोलादाच्या दोन अर्धगोल पट्ट्या लागतात. तुम्ही त्यांना मून क्लिप म्हणालात, आणि ती कशी दिसते हे दाखवायला अर्ध्या भाकरीला तीन जागी चावे घेतलेत. (तुम्ही गेल्यावरही पोरं बरेच दिवस भाकरी तशीच खात होती आणि मार खात होती.) ह्या दोन पट्ट्या आहेत तोवर ते रिव्हॉल्व्हर. त्या नसल्या तर तो खलबत्त्यातला बत्ता.

तर झालं असं. हल्ली विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा कुठं निघाला की ठाण्याला आधी आम्हा परवानेवाल्यांची आठवण होते. लक्ष्म्या बसल्या त्या संध्याकाळी निरोप आला की उद्या सेलूहून फौजदार येतील, हत्यार बघतील, चालवून दाखवायचं. नाही चाललं तर ‘निकामी’ असा शेरा मारून ठाण्यात जमा. आबांची वस्तू ठाण्याच्या कोठडीत, जप्त केलेल्या हातभट्टीच्या डब्यांशेजारी! मी पेटी उघडली. रिव्हॉल्व्हर होतं, गोळ्या होत्या, पट्ट्या नव्हत्या. मी माळा काढला, कणगीत हात घातला, पोरांना दरडावलं, गादीची शिवण उसवली. शेवटी आरतीची वेळ झाली म्हणून घाम पुसून लक्ष्म्यांपुढं उभा राहिलो. सजावट ह्या वर्षी खरोखर सुरेख झाली होती. दोन्ही मुखवट्यांच्या कपाळावर, कुंकवाच्या वर, चकचकीत चंद्रकोर. मी मनात म्हणतो, बायकोनं दागिना छान घडवला, पण मला विचारलं का नाही? मग मला त्या चंद्रकोरीचे तीन चावे दिसले.

दाजी, माझ्या हातातली घंटा तशीच राहिली. आरती आपली पुढं चालू. आमच्या मंडळींनी, म्हणजे नर्मदाबाईंनी, त्या पट्ट्या चिंच आणि राख लावून घासल्या होत्या, त्यांचा काळा रंग घालवून चांदीसारख्या उजळल्या होत्या आणि मेण लावून लक्ष्म्यांच्या कपाळी चिकटवल्या होत्या. आरती झाल्यावर मी तिला बाजूला घेऊन समजावलं की हा दारूगोळ्याचा भाग आहे. ती म्हणाली, “लक्ष्म्यांच्या डब्यात व्हत्या. लक्ष्म्या दोन, चंद्रकोरी दोन. मंग कुनाच्या म्हनायच्या?” मी मुखवट्याकडं नुसता हात नेला, तर ती अशी ओरडली की शेजारच्या कडूबाई धावत आल्या. “बसल्या लक्ष्मीच्या कपाळचं काढायलाव? इसर्जन झाल्याबिगर बोट लावू द्यायची न्हाई!” कडूबाईंनीही गालावर हात मारून घेतले. तुम्ही मोठमोठ्या मोर्चेबंद्या पाहिल्या असतील, पण बसलेल्या लक्ष्म्या आणि त्यांच्यापुढं उभ्या दोन बायका ही मोर्चेबंदी फोडणारा सुभेदार अजून जन्मलेला नाही.

अशा वेळी माणूस कुणाचंही ऐकतो. मी लिंबाजीचं ऐकलं. लिंबाजी म्हणजे कडूबाईंचा नवरा, ज्याला जगातलं सगळं येतं आणि ज्याच्या घरचं काहीही चालत नाही. त्यानं गोळी हातात घेऊन फिरवली. पिस्तुलाच्या गोळीला बुडाच्या वर एक खाच असते, ती त्याला दिसली. “माणिकराव, काठ न्हाई ना? मंग काठ करायचा! खाचीत सूत गुंडाळा. लय सोपं हाय.” मला ते पटलं (आता वाचताना तुम्हाला पटत नसेल, पण तुम्ही तिथं नव्हतात). घरात सूत होतं ते एकच, लक्ष्म्यांच्या दोऱ्यांसाठी हळदीत भिजवून ठेवलेलं. त्यातलं थोडं मी उचललं. आम्ही दोघांनी पडवीत बसून साही गोळ्यांना पिवळे काठ केले आणि चक्रात ठोकून बसवले. ठोकायचं काम लिंबाजी करत होता, मी खांबाआड उभा राहून सूचना देत होतो.

दुसऱ्या दिवशी ऐन महानैवेद्याच्या वेळी फौजदार आले. आत पुरण शिजतंय, भाज्या फोडणीला पडतायत, आणि बाहेर वाड्यावस्त्यांसकट सगळं वालूर गोळा. फौजदारांनी चक्र उघडलं, गोळ्यांकडं पाहिलं आणि विचारलं, “गोळ्यांचं लग्न लावलंय काय?” मी म्हणालो, सणाची हळद आहे. परसातल्या भिंतीवर मी एक भोपळा ठेवला, छाती पुढं काढली आणि चाप ओढला. टक्‌. पुन्हा ओढला. टक्‌. लोकांत खसखस. तिसऱ्यांदा टक्‌. मागून कुणीतरी म्हणालं, भोपळा भ्याला असंल, खाली उतरवा त्याला. मी चिडून मागं वळलो, हात माझ्याबरोबर वळला, आणि चौथ्यांदा टक्‌ झालं नाही. बार उडाला, दाजी! कशाला लागला हे महत्त्वाचं नाही. माणसाला लागला नाही, जनावराला लागला नाही, भोपळ्याला तर नाहीच नाही. डोळे उघडले तेव्हा परसात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. सगळं गाव भिंतीपलीकडं गेलं होतं आणि फौजदार आमच्या बैलांच्या गव्हाणीत पालथे होते.

ते कडबा झटकत उठले आणि मला गोळ्या काढायला सांगितल्या. गोळ्या निघेनात. सूत फुगून घट्ट बसलेलं, ढकलायला काठ नाही. मग लिंबाजीनं तुराटीची काडी आणली आणि चक्राच्या पुढच्या तोंडातून गोळ्या मागं ढोसायला लागला. तो एकेक ढोसणी देई आणि फौजदार एकेक पाऊल मागं सरकत. शेवटची निघाली तेव्हा ते थेट आमच्या ओसरीवर पोचले होते, आणि ओसरीत लक्ष्म्या. मी म्हणालो, साहेब, एरवी हे असं नसतं, दोन पट्ट्या असतात. कुठं आहेत? मी बोट दाखवलं. फौजदारांनी बूट काढले, पुढं झाले, वाकून एका मुखवट्याकडं पाहिलं, मग दुसऱ्याकडं, आणि हात पुढं करणार तोच नर्मदाबाई परात घेऊन आडव्या आल्या. “साहेब, नेयाच्या असतील तर लक्ष्मीला इचारून न्या.” फौजदारांनी दोन्ही हात जोडले. मग ते पंगतीला बसले, पुरणपोळ्या किती खाल्ल्या ते मी लिहीत नाही, भोपळ्याची भाजी मात्र दोनदा मागून घेतली. जाताना म्हणाले, दसऱ्याला ठाण्यात या, पट्ट्यांसकट, आणि उरलेल्या गोळ्या एका दमात उडवून दाखवा. नाहीतर ‘निकामी’.

विसर्जन झालं. मी हात पसरून उभा. पण चंद्रकोरी मुखवट्यांबरोबर लक्ष्म्यांच्या डब्यात गेल्या, डब्याला कुलूप लागलं आणि किल्ली नर्मदाबाईंच्या कमरेला गेली. आता गावात मी दिसलो की पोरं तोंडानं टक्‌ करतात. परवा आबांच्या फोटोला हार घालताना मला खरंच रडू आलं. त्यांनी एवढ्या वर्षांत कुणाचा वाकडा शब्द ऐकून घेतला नाही, आणि माझ्या हातात येऊन त्यांच्या वस्तूची ही गत झाली. ती ठाण्यात जमा झाली तर मला वालुरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

आक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. पत्राचं उत्तर लगोलग द्यावं, ही पायांवर डोकं ठेवून विनंती.

तुमचा,
माणिक

ता. क. विनंती राहिलीच. तुमच्या जुन्या फौजी ओळखीतून त्या मून क्लिपा दोन मिळाल्या तर दसऱ्याच्या आत पाठवाव्या. पार्सलवर ‘क्लिपा’ लिहू नये, पोस्टमास्तर फोडून बघतो. ‘आक्काकडून बाळंतविडा’ असं लिहावं. (बाळंतीण कुणी नाही, पण गाव विचारून विचारून थकेल.)

पुन्हा ता. क. छत्री खुंटीवर आहे असं मी वर लिहिलं, ते खरं आहे. बार झाला तेव्हाही ती गोठ्याच्या खुंटीवरच होती. एकच भोक आहे. उघडून पाहिली तर मात्र सात दिसतात, कारण ती मिटलेली होती. नेम चांगला होता, एवढं तरी मानावं.

दाजींना नर्मदाचा नमस्कार. हे पत्र टपालात टाकायला ह्यांनी माझ्याकडंच दिलं, म्हणून खाली चार ओळी लिहिते. क्लिपा पाठवू नका. पाठवल्या तर मी त्या लक्ष्म्यांच्या कानात घालीन. ह्यांना ठाऊक नाही, पण चंद्रकोरी डब्यात उगीच आल्या नव्हत्या, मीच ठेवल्या होत्या. मामंजींनीच जायच्या आधी माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, “सूनबाई, ही वस्तू घरात असू दे, पर वाजू देऊ नगंस. माझ्या लेकाचा नेम मला ठावं हाय.” त्यांनी स्वतःही ती कधी वाजवली नाही. तुम्ही आक्काला विचारा, वालुरात कुणीच कधी आवाज ऐकला नव्हता. रुबाब तेवढा ऐकला होता. दसऱ्याला मी चंद्रकोरी घेऊन ह्यांच्याबरोबर स्वतः ठाण्यात जाणार आहे. घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या फौजदारांच्या हातानंच तिथं उडवायच्या, आणि चंद्रकोरी परत डब्यात. म्हणजे परवाना राहील, रिव्हॉल्व्हर राहील, आणि आम्हीही राहू. छत्रीला ठिगळं लावली आहेत, पण पिवळ्या सुतानं. दुसरं ह्यांनी शिल्लक ठेवलं नव्हतं.