आप्पा वाडीवर जाऊन बोलले

रविवार, संध्याकाळ

पाय दुखतायत, पण लिहायलाच हवं. काल मालिकेत पोलिसांचा भ्रष्टाचार खणून काढणाऱ्या त्या पत्रकार मुलीला एक हवालदार अखेर खरं सांगतो. ते पाहताच आप्पांनी, माझ्या वडिलांनी, टीव्ही बंद केला. तेही निवृत्त हवालदारच.

"मलाही विचारलं होतं एका पत्रकारानं," ते म्हणाले. "वाडीवरच्या काळूला आमच्या साहेबांनी खोट्या चोरीत अडकवलं होतं. मी गप्प बसलो. तू कॉलेजात होतीस गं, बदली नको होती."

म्हणजे माझ्यासाठी? रागवावं की जवळ बसावं, कळेना. बसले.

आज पळसदरीच्या वरच्या त्या वाडीवर गेलो. आप्पांनी काळूपुढे हात जोडले, सगळं कबूल केलं. तो म्हणाला, "मला ठावंच हाय. माझ्या लेकीला सांगा. तिला अजून चोराची पोर म्हनतात."

लेक बाहेर आली, शेजारीही जमले. मी बोलणार, तर आप्पांनी हातानं थांबवलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरी, तुझ्या बापानं चोरी केली नव्हती. मला तेव्हाच माहीत होतं."

ती आप्पांकडे बघतच नव्हती. ती शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघत होती, एकेकाच्या.