विहीर गोड झाली तेव्हा

६ जानेवारी
राजापेठेतून दोन बॅगा आणि आईच्या शंभर सूचना घेऊन पोचली एकदाची बोरखडीत! काम सोपं आहे. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत भूकंपमापक यंत्र आहे, त्याच्या नोंदी रोज पाठवायच्या. शिवाय पूर्णा नदीकाठच्या जमिनीतल्या जुन्या भेगेवर आजवर केव्हा केव्हा हादरे बसले, ते म्हाताऱ्यांना विचारून लिहायचं. राहायला देवमनकाकांकडे. त्यांची लेक आचल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. माणिककाकूंनी चहा दिला, तो खारट आणि नासलेला! खारपाणपट्टा हाय बाई, विहिरीले खारंच पाणी, असंच राह्यते, असं त्या म्हणाल्या. हसत हसत प्याली.

१० जानेवारी
यंत्रावर रोज पहाटे बारीक रेघा येतात. भिंतीपलीकडे बंडूची पिठाची गिरणी आहे, तिचीच ही करामत. ‘गिरणी’ असा शेरा मारून त्या रेघा वगळते.

हादऱ्यांचा इतिहास मजेदार आहे. सन कोणालेच आठवत नाही. गंगूबाईच्या लग्नाच्या साली एक, शेजारच्या महादेवरावांचा थोरला झाला तेव्हा एक. दर वेळी आधी विहिरीचं पाणी गोड झालं म्हणे, अन् सारं गाव वावरात निजायले गेलं. काय बाई एकेक!

१४ जानेवारी
संक्रांत. आचलला मुलगी झाली. माणिककाकूंना स्वर्ग दोन बोटं उरला आहे. मायलेकी आतल्या बिनखिडकीच्या खोलीत, शेक-धुरी सुरू.

१९ जानेवारी
आज चहा नासला नाही. पाणी गोड! मी टाळ्या वाजवल्या, तर काकूंनी हंडाच रिकामा केला. दुपारपर्यंत बैलगाड्यांत गोधड्या चढल्या, सारं गाव वावरात गेलं.

देवमनकाका मात्र माझ्याकडे आले. पाच दिवसांचं लेकरू या थंडीत कसं न्यावं? तू शिकेल हायेस पोरी, तुह्यं यंत्र सांगन तसं करतो, म्हणाले. नोंदी चाळल्या, गिरणीशिवाय काहीच नव्हतं. बिनघोर राहा काका, असं सांगितलं. ते थांबले. मले जरा फुशारकीच वाटली, खोटं कशाले लिहू.

२१ जानेवारी
फळीवरची भांडी आपोआप वाजली. दोनदा. बाळंतखोलीचं दार सारखं अडकते, जोर लावून उघडावं लागते. काका म्हणे, दमट झालं असेल. या कोरड्या थंडीत?

२२ जानेवारी
पीठ संपलं. पहाटे रेघा येतात म्हणजे बंडू दळायले गावात येत असेल, असं धरून गिरणीवर गेली. कुलूप. महादेवराव कडबा न्यायले आले होते, त्यांना विचारलं. बंडू तं संक्रांतीच्या आदल्या दिवशीच धामणगावले बहिणीकडे गेला, म्हणाले.

नऊ दिवस गिरणी बंद.

मग त्या रेघा? रोज पहाटे, रोज थोड्या मोठ्या. अन् प्रत्येकीपुढे माझ्याच अक्षरात— ‘गिरणी’. ‘गिरणी’. ‘गिरणी’.

तोच दिवस, सकाळी दहा वाजता
धावत घरी आली. हादरा बसला. बाळंतखोलीचं दार आता हलतच नाही. आचल आतून विचारते, ताई, काहून घाबरून राहिली? लेकरू निजलं आहे. काका दारावर कुऱ्हाड घालून राहिले. प्रत्येक घावाला धाब्याच्या छताची माती पडते. मले म्हणाले, मागं हो. काकू माझ्याकडे पाहतही नाहीत.

हे कोणाच्या हाती लागलं तर काकांना बोल लावू नका. ते निघाले होते. मी थांबवलं.

पुन्हा हादरा
भिंत फाटली. वीतभर फट. आचलनं त्यातून बाळ दिलं. माझ्या हातात— ऊबदार, रडलीसुद्धा नाही. काकू तिला घेऊन वावराकडे पळाल्या. फटीतून आचलचा हात तेवढा बाहेर आहे. माणूस नाही मावत.

काकांना वासा लागला. उठत नाहीत—

थांबतच नाही आता. आचल म्हणते, ताई, तू जाय. नाही जाणार. डाव्या हातात तिचा हात धरला आहे, उजव्यानं लिहून राहिली. धाब्यातून सारखी माती— ती बोलत नाही. हात अजून घट्ट आहे. आचल, बोल न व माय. मी इथंच हाओ, मीच तुले थांब